ॲप्टमधलं जुनं बरं, की निर्मात्याकडचं ताजं?

खटपट्या (धागाकर्ता)
हल्ली लिनक्सवर कुठलंही मुक्तस्रोत टूल घ्यायला जा, पहिल्याच पानावर एक ओळ असते: कर्लने (नेटवरून फाइल आणणारं टूल) स्क्रिप्ट उतरवा आणि पाइपमधून सरळ बॅशला (आज्ञा चालवणारा शेल) द्या. वर सुडो, म्हणजे रूट या सर्वाधिकारी खात्याचे हक्क. न वाचलेली स्क्रिप्ट रूटच्या हक्काने चालवायची! शिवाय जोडणी मध्येच तुटली तर अर्धवट उतरलेली स्क्रिप्टही बॅश तेवढीच चालवून मोकळा होतो.

माझं मत: ॲप्ट किंवा डीएनएफने, म्हणजे डेबियन आणि फेडोरा या लिनक्स वितरणांच्या पॅकेज मॅनेजरने, मिळतंय ते तिथूनच घ्यावं, आवृत्ती दोन वर्षं जुनी असली तरी. ॲप्ट रेपोच्या (पॅकेजांच्या भांडाराच्या) यादीवरची सही तपासतं, पॅकेजचा हॅश (फाइलचा ठसा) यादीशी जुळवतं, आणि कुठली फाइल कुठे गेली याची नोंद ॲप्टच्या खाली चालणाऱ्या डीपीकेजीकडे राहते. नको झालं की एक रिमूव्ह, विषय संपला. स्क्रिप्टने काय कुठे टाकलं ते मात्र तुम्हीच शोधत बसा.

ताजातवाना
साफ असहमत. 'जुनी असली तरी' हे वापरणाऱ्याने म्हणणं सोपं आहे. निस्तरावं लागतं निर्मात्याला. एक्सस्क्रीनसेव्हर या स्क्रीनसेव्हरचे निर्माते जेमी झविन्स्की २०१६ मध्ये डेबियनवर वैतागले ते यासाठीच. कधीच दुरुस्त झालेल्या बगच्या तक्रारी त्यांच्याकडे येत राहायच्या, कारण डेबियनच्या स्टेबलमध्ये, म्हणजे मुद्दाम फारशी न बदलणाऱ्या शाखेत, जुनीच आवृत्ती. शेवटी म्हणाले, माझं सॉफ्टवेअर काढूनच टाका.

आणि मधला माणूस, म्हणजे वितरणासाठी पॅकेज बनवणारा, नेहमी राखणच करतो असंही नाही. २००६ मध्ये डेबियनने ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीत स्वतःचा एक बदल केला, तो २००८ मध्ये उघडकीला आला. तोवर तयार झालेल्या किल्ल्यांमागचा 'यादृच्छिक' आकडा जवळपास नुसत्या प्रोसेस आयडीवर (चालू प्रोग्रामच्या क्रमांकावर) चालला होता. म्हणजे एका प्रकारच्या, एका लांबीच्या किल्ल्या जेमतेम ३२,७६८. निर्मात्याकडून थेट घेणाऱ्यांना याची झळ लागली नाही.

रूटकॉज
ओपनएसएसएलचं मान्य. पण मग फाइल दाबून लहान करणाऱ्या एक्सझेडचं २०२४ चं प्रकरणही सांगा की राव! ५.६.० आणि ५.६.१ मध्ये एसएसएचमधून (दूरच्या संगणकावर लॉगिन करायची सोय) शिरायची चोरवाट घातली ती खुद्द प्रकल्पाचा कारभार हाती आलेल्या माणसाने. ती सुरू करणारा तुकडा गिटमधल्या सगळ्यांना दिसणाऱ्या कोडमध्ये नव्हताच, फक्त प्रकाशित टारबॉलमध्ये (कोडच्या गठ्ठ्यात) होता. म्हणजे तुमचं 'थेट निर्मात्याकडचं ताजं' तेच विषारी. डेबियन टेस्टिंग, अनस्टेबल आणि फेडोरा रॉहाइड या ताज्या, चाचणीच्या शाखांपर्यंत ते पोचलं. डेबियन स्टेबल वाचलं, कारण तिथे जुनं होतं.

ताजातवाना
वाचलं ते नशिबाने. एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय म्हणून आंद्रेस फ्रॉइंड हे अभियंते खणत गेले, म्हणून कळलं. कोणाच्या पॅकेजिंगच्या तपासणीत ते सापडलं नव्हतं. आणखी काही महिने तसंच राहिलं असतं तर पुढच्या स्टेबलमध्येही गेलं असतं.

रूटकॉज
नशीब म्हणा हवं तर. पण सगळ्यांनी एकाच दिवशी ताजं घेतलं असतं तर त्या अर्ध्या सेकंदाकडे लक्ष जाण्याआधीच ते सगळीकडे पोचलं असतं. उशीर हीसुद्धा एक चाळणी आहे. आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या स्टेबलमध्ये जुन्या आवृत्तीवरच लावून मिळतात, हे लोक सोयीस्कर विसरतात.

नवशिकी
अवांतर होतंय, पण ॲप्ट अपडेट केलं तरी माझं काहीच अपडेट होत नाही. कुठे चुकतंय?

खटपट्या
अपडेट फक्त यादी ताजी करतं. खरी पॅकेजं अपग्रेडने बदलतात. एंटर मारण्याआधी काय काय काढलं जाणार आहे ती यादी मात्र वाचा. २०२१ मध्ये पॉप ओएस या वितरणावर स्टीम हे गेमचं ॲप टाकताना पॅकेजांच्या गोंधळात अख्खा डेस्कटॉप काढला जात होता. ॲप्टने इशारा दिला, पूर्ण वाक्य टंकून होकार मागितला, तरी लोकांनी ते टंकलं.

सुटसुटीत
दोघेही एक गोष्ट गाळताय. डेब पॅकेजमधल्या (ॲप्ट बसवतं त्या) पोस्टइन्स्ट, म्हणजे बसवल्यानंतर चालणाऱ्या, स्क्रिप्टही रूट म्हणूनच चालतात. म्हणजे निर्मात्याचा वेगळा रेपो जोडला की भरवसा तेवढाच टाकला, फक्त सहीनिशी. वर तो रेपो तुमच्या सिस्टिममधल्या कुठल्याही पॅकेजची वरची आवृत्ती पुढे करू शकतो, आणि पिनिंग (कुठल्या रेपोतलं घ्यायचं ते ठरवून देणं) केलेलं नसेल तर पुढच्या अपग्रेडला ॲप्ट ती निमूट घेतं. त्यामुळे मी सिस्टिमचा गाभा ॲप्टवर सोडतो. रोज हाताळायची टूल्स होम फोल्डरमध्ये, सुडोशिवाय. पायथनचं असेल तर पीआयपीएक्स, जे प्रत्येक टूल वेगळ्या कप्प्यात बसवतं. डेबियन १२ पासून सिस्टिमच्या पायथनमध्ये पिप (पायथनचा पॅकेज मॅनेजर) नाहीतरी घुसू देत नाही, आणि ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस हा फ्लॅग लावून घुसणाऱ्यांबद्दल मी बोलत नाही.

ताजातवाना
सुडोशिवाय, यावर +१. पण एसएसएचच्या किल्ल्या आणि ब्राउझरचे पासवर्ड होम फोल्डरमध्येच असतात बुवा. ते चोरायला रूट कशाला लागतो?

सुटसुटीत
नाही लागत. म्हणून अनोळखी टूल आधी कंटेनरमध्ये (बाकी सिस्टिमपासून वेगळ्या कप्प्यात) चालवून बघतो, आणि ॲप्टमध्ये असेल तर तिथलंच घेतो. जुनं असलं तरी.