ट्रंकेतले फोटो: गणपतीआधी ठरवूया

ताई (ठाणे): काल चिपळूणला काकांनी आणि मी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक उघडली. सात अल्बम, दोन खोके सुटे फोटो आणि निगेटिव्हची पाकिटं निघाली. 22 जुलै 2021च्या पुरात खालचं सगळं गेलं, हे माळ्यावर होतं म्हणून वाचलं. पण ओल लागलीच आहे. काही फोटो एकमेकांना चिकटलेत, काहींच्या कडा कसरीने खाल्ल्यात. चिकटलेले कुणीही ओढून सोडवू नका, चेहरेच निघून येतात.

दादा (पुणे): सगळं एका स्टुडिओत देऊ. स्कॅन करून पेनड्राइव्ह देतात. खर्च माझा.

काका (चिपळूण): आणि चांगले चांगले लॅमिनेट करून घेऊ.

ताई: काका, लॅमिनेशन नको हो. एकदा केलं की ते परत काढता येत नाही. आणि दादा, स्कॅन करूच, पण आधी नावं. स्कॅन दिवाळीनंतरही होईल. काळ्या पानांच्या अल्बममधल्या माणसांना ओळखणारी आता आत्या एकटीच आहे. काल काकांनाही निम्मे चेहरे ओळखता आले नाहीत.

काका: खरं आहे. माझ्या जन्माआधीचे फोटो ते.

सोनू (मेलबर्न): ताई, मोबाइलवर काढून इथे ग्रुपवरच टाक ना सगळे 🙏

ताई: बघायला टाकते गं. पण इथे पाठवलेला फोटो दाबून लहान होतो, तो जपून ठेवायचा नाही. आजोबांच्या आग्फा क्लिक-थ्री कॅमेऱ्याचे चौकोनी फोटो जेमतेम 6 सेंमीचे आहेत. ते स्कॅनरवर 600 डीपीआयला (इंचाला 600 ठिपके) घ्यायचे, म्हणजे मोठे करता येतील. शिवाय प्रत एका ठिकाणी नको. एक पुण्यात, एक ठाण्यात, एक ऑनलाइन ड्राइव्हवर.

वहिनी: ह्यांच्या बारशाचे रंगीत फोटो कसे आहेत? 1983चे.

ताई: लाल पडलेत वहिनी. त्या काळच्या रंगीत कागदातला निळसर रंग अंधारात ठेवूनही आधी उडतो. स्कॅन केल्यावर बराच सुधारता येईल. पण तो अल्बम चिकट पानांचा आहे. फोटोखालून दात साफ करायचा फ्लॉसचा दोरा हळूहळू सरकवून बघू. नाही सुटला तर अख्खं पान तसंच स्कॅन करू.

सोनू: ओटीवरचा तो मोठा ग्रुप फोटो कधीचा आहे?

काका: मागे पडवीची मातीची भिंत दिसतेय ना, ती कोयनेच्या भूकंपात पडली असं आई सांगायची. 11 डिसेंबर 1967ची पहाट. म्हणजे फोटो त्याच्या आधीचा.

दादा: असं कुणी लिहूनच ठेवलं नाही कधी.

ताई: म्हणून तर म्हणते. मागच्या बाजूला मऊ पेन्सिलने, अगदी हलक्या हाताने लिहायचं. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. रंगीत फोटोंच्या गुळगुळीत पाठीवर पेन्सिल उठत नाही, त्यांची नावं पाकिटावर. तो ओटीवरचा फोटो आत्याला दाखवलाय, थांबा.

ताई: आत्याची व्हॉइस नोट आलीये. ज्यांना नीट ऐकू येणार नाही त्यांच्यासाठी लिहून टाकते 👇

"डावीकडे फ्रॉकमध्ये आहे ती मुलगी नव्हे रे, तुमचा बाबा आहे. नवस होता, जावळ काढायचं राहिलं होतं. केस एवढे लांब की आई वेणी घालायची. तो फ्रॉक माझाच, जुना. मधे आजी, तिच्या मांडीवर कोण ते उद्या चष्मा लावून सांगते. आणि खांबाआड अर्धी दिसते ना, ती आमची थोरली बहीण. फोटो काढताना लाजून मागे सरकली. पुढच्याच पावसाळ्यात तापाने गेली. तिचा दुसरा फोटो नाही. तेवढा जपा."

काका: मला अजून एक बहीण होती एवढंच माहीत होतं. चेहरा आज बघतोय.

दादा: आत्या, मी शनिवारी येतो. तुझ्याजवळ बसून सगळे अल्बम बघू. स्टुडिओचं नंतर.

ताई: मीही येते. दादा, येताना मऊ 4बी पेन्सिल आणि फोटोंच्या मधे घालायला आम्ल नसलेला कागद आण. पीव्हीसीची प्लॅस्टिक पाकिटं अजिबात नकोत. आणि काका, तोवर तो फोटो कोरड्या पाकिटात, ट्रंकेबाहेर, कपाटाच्या वरच्या खणात ठेवा.

काका: ठेवला.