‘सूड’ आणि ‘फेड’ : रोमकरांस पत्र 12:19 मधले दोन शब्द

प्रश्न (दारव्हा, यवतमाळ)

आमचं धुऱ्याचं भांडण तीन वर्षांचं. शेजारी वखरताना दरवर्षी एकेक तास आमच्या वावरात सरकत गेला. यंदा धुऱ्यावरची बोर तोडली तेव्हा माझा भाऊ कुऱ्हाड घेऊनच निघाला. आजी दारात आडवी झाली. म्हणाली, "तू कायले जातं? त्याची फेड देव करन."

तिनं ‘सूड’ म्हटलं नाही, ‘फेड’ म्हटलं. आमच्या चर्चमध्ये वाचतात त्या बायबलमधल्या वचनात दोन्ही शब्द आहेत: सूड घेणं माझ्याकडे आहे, मी फेड करीन, असं प्रभू म्हणतो. पण दोन्ही शब्द कानाला सारखे लागत नाहीत. फेडतात ते सोसायटीचं कर्ज, नवस, आईबापाचे पांग. जितकं देणं तितकंच. सूड म्हटलं की मला रात्री पेटवून दिलेली सोयाबीनची सुडी दिसते. तिथं कोण मोजत बसतो? मग देवाच्या तोंडी ‘सूड’ शोभतो का?

उत्तर (पुसद)

आजींचा कान पक्का आहे. हे पत्र लिहिणारा पौल इथं जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातलं (32:35) वचन देतो. तिथल्या हिब्रूत दोन शब्द आहेत, ‘नाकाम’ (सूड) आणि ‘शिल्लेम’ (फेड). ‘शिल्लेम’ आणि आपण म्हणतो तो ‘शालोम’ एकाच धातूचे. उणं राहिलेलं पुरं करून देणं, भरपाई. ‘फेड’ त्याला चपखल बसतो.

खरी अडचण ‘सूड’ची. पौलाचा ग्रीक शब्द ‘एकदिकेसिस’, आणि त्याच्या पोटात ‘दिके’ आहे, म्हणजे न्याय. लूकच्या शुभवर्तमानातली (अध्याय 18) विधवा न्यायाधीशाच्या मागे लागते, तिच्या तोंडी याच मुळाचं क्रियापद आहे. तिथं आपण ‘न्याय’ म्हणतो, इथं ‘सूड’. मराठीत तो धागाच तुटतो.

उत्तर (अचलपूर)

थोडं असहमत. त्याच ओळीत आधी ‘तुम्ही सूड उगवू नका’ आहे, आणि तिथंही मूळ तेच. जे माणसाला मना केलं तेच देव स्वतःकडे घेतो, हे कळायला शब्द एकच हवा. ‘तुम्ही न्याय करू नका’ असं लिहिलं तर गावातला गरीब माणूस काय समजेल? मार खाऊन गप्प बस, हेच. ते पौलाला म्हणायचं नाही.

आणि त्याच वचनातल्या ‘क्रोधाला वाट द्या’ यावर कुणी बोललंच नाही. ग्रीकमध्ये ‘जागा द्या’ आहे, पण ‘वाट’ मला जास्त आवडतो. पांदणीत समोरून भरलेली बंडी आली की आपण कडेला होतो. राग गिळून टाक असं वचन म्हणत नाही. मधे उभा राहू नको म्हणतं.

उत्तर (प्रश्नकर्ती, दारव्हा)

बंडीचं उदाहरण भावाला वाचून दाखवलं. त्यानं लगेच विचारलं, मग मोजणीचा अर्ज करायचा की तोही सूडच?

उत्तर (पुसद)

खुशाल करा. पुढच्याच अध्यायात, 13:4 मध्ये, पौल राज्यकर्त्याला ‘एकदिकोस’ म्हणतो. पुन्हा तेच मूळ. अर्ज करणं म्हणजे निवाडा आपल्या हातातून काढून दुसऱ्याकडे देणंच आहे, कुऱ्हाड नेणं नव्हे. अचलपूरकरांचं ‘शब्द एकच हवा’ हे मात्र मला पटलं. 12:19 मध्ये ‘सूड’ राहू द्यावा आणि शिकवताना त्यात न्याय आहे हे सांगावं.

उत्तर (प्रश्नकर्ती, दारव्हा)

अर्ज केला. मधल्या काळात शेजाऱ्याची मोटार जळाली, हरभरा फुलावर, आणि तो आमच्या विहिरीचं पाणी मागायला आला. भाऊ माझ्याकडे बघत राहिला. बाराव्या अध्यायाची विसावी ओवी आम्हा दोघांना पाठ आहे: शत्रू तहानेला असेल तर त्याला प्यायला दे.

आजी आतून म्हणाली, "पानी दे त्याले. अन् मोजनीची तारीखबी सांग."