केकचे थर सपाट आणि एका उंचीचे : अनुभव, मोजमापं, युक्त्या

थरांच्या केकमधला घुमट कापून टाकावा लागू नये आणि सगळे थर सारख्या उंचीचे निघावेत, यासाठी तुम्ही नेमकं काय करता ते इथे लिहा. टिनचा व्यास, तापमान, मिश्रणाचं वजन असे आकडे द्या. 'मंद आचेवर' आणि 'अंदाजाने' यावरून कुणालाच काही करता येत नाही. केक बटरचा आहे, तेलाचा की नुसत्या फेटलेल्या अंड्यांवर फुगणारा, तेही सांगा, कारण एकाला मानवणारी युक्ती दुसऱ्याचा पार चोथा करते.

सुरुवात मीच करते. टिनचा धातू आधी तापतो, त्यामुळे कडेचं मिश्रण लवकर शिजून घट्ट होतं. मध्यभाग तोवर पातळच असतो आणि फुगत राहतो. बाजूला सरकायला जागा नसल्यामुळे तो वर चढतो. ओव्हन फार गरम असेल तर वरचं कवचही लवकर धरतं आणि खालून येणारा फुगवटा ते फोडतो. मधली चीर ती हीच. म्हणजे कडेला उशीर लावायचा किंवा मध्याला लवकर ऊब पोचवायची, बस.

सगळ्यात सोपा उपाय तापमानाचा. कृतीत १८० अंश सेल्सिअस असेल तर १६० वर भाजा. २० सेंमी टिनमध्ये ४५० ग्रॅम बटर केकचं मिश्रण १८० वर साधारण २५ ते २८ मिनिटांत होतं, १६० वर ३५ ते ४० मिनिटं लागतात. रंग फिका येतो, पण क्रीमखाली तो कोणाला दिसणार? १५० च्या खाली मात्र जाऊ नका. मिश्रण घट्ट व्हायच्या आतच गॅस निसटतो आणि थर बसका, कोरडा होतो.

* * *

तापमान फार उतरवायचं नसेल तर ओल्या पट्ट्या. जुना सुती टॉवेल घ्या, टिनच्या उंचीइतकी रुंद पट्टी कापा. २० सेंमी टिनचा घेर ६३ सेंमी होतो, म्हणून पट्टी ७० सेंमी ठेवा. गार पाण्यात भिजवून इतकी पिळा की थेंब गळणार नाही, टिनभोवती घट्ट गुंडाळा आणि धातूची सेफ्टी पिन लावा. कापड ओलं आहे तोवर ते १०० अंशांच्या फारसं वर जात नाही, त्यामुळे कडा उशिरा धरते. १७० ते १७५ वर भाजा, वेळ ५ ते १० मिनिटं जास्त धरा.

कापड शंभर टक्के सुतीच हवं, पॉलिएस्टर वितळतं. पट्टीचं टोक रॉडकडे लोंबकळता कामा नये. गॅसचा ओव्हन असेल तर उघडं कापड नकोच. ओला पेपर टॉवेल फॉइलमध्ये दुमडून त्याची पट्टी करा. केक व्हायच्या आधीच पट्टी कोरडी पडत असेल तर कापड पातळ आहे, दुहेरी घ्या.

१५ सेंमीच्या टिनला पट्टीही आणि १६० अंशही, असं दोन्ही करू नका. बाजू पांढरट आणि चिकट राहतात, टिनमधून काढताना फाटतात.

* * *

पट्ट्यांचं कौतुक जरा जास्तच होतं असं माझं मत. आधी बेकिंग पावडर मोजा. १२५ ग्रॅम मैद्याला एक सपाट चमचा, म्हणजे साधारण ५ ग्रॅम, पुरते. शीग लावून घेतलेला चमचा दीडपट होतो. मग केक भसकन वर येतो, टोक काढतो आणि बाहेर काढल्यावर मध्येच बसतो. ताक किंवा दही घातलेल्या केकला सोडा पाव चमचा, तोही १२५ ग्रॅमलाच.

दुसरं कारण ग्लुटेन, म्हणजे मैद्यातल्या प्रोटीनची ओलं झाल्यावर बनणारी चिवट जाळी. मैदा घातल्यावर बीटर चालूच ठेवला तर मिश्रण चिवट होतं. केक टोकदार फुगतो आणि कापल्यावर आत उभी भुयारं दिसतात. मैदा दिसेनासा झाला की थांबा. मैद्यातलं प्रोटीन कमी करायचं असेल तर १२० ग्रॅममधले १५ ग्रॅम काढून तेवढाच कॉर्नफ्लोअर घाला आणि दोन्ही एकत्र दोनदा चाळा.

सपाट थरांसाठी माझी पसंती उलट्या क्रमाला आहे. मैदा, साखर, बेकिंग पावडर एकत्र करून त्यात मऊ बटर घालायचं आणि ओलसर वाळूसारखं होईपर्यंत मंद वेगावर फिरवायचं. मग अंडी आणि दूध दोन-तीन भागांत. बटर मैद्यावर आधी चढतं, त्यामुळे ग्लुटेन कमी बनतं. केक थोडा कमी फुगतो पण जवळजवळ पाटासारखा निघतो. बटर १८ ते २० अंशांवर हवं: बोटाने दाबलं तर खळगा पडेल, पण बोट तेलकट होणार नाही. वितळलेल्या बटरवर हे जमत नाही.

* * *

थर सपाट आहेत पण एक जाड, एक पातळ, याला वजनकाट्याशिवाय इलाज नाही. मिश्रण करायच्या भांड्याचं रिकामं वजन एकदाच करून मार्करने त्याच्या बुडाला लिहून ठेवा. मिश्रण झालं की भांड्यासकट वजन, त्यातून ते वजा, भागिले टिनांची संख्या. प्रत्येक टिन काट्यावर ठेवून शून्य करा आणि ओता.

साधारण ३ सेंमी उंचीच्या थराला १५ सेंमी टिनमध्ये २५० ते २८०, २० सेंमीमध्ये ४५० ते ५००, २३ सेंमीमध्ये ६०० ते ६५० ग्रॅम. आणि एक बारकावा: भांड्याच्या तळाशी, कडांना चिकटलेलं मिश्रण नीट मिसळलेलं नसतं, जड असतं. ते सगळं शेवटच्या टिनमध्ये खरवडलं तर वजन सारखं असूनही तो थर वेगळाच फुगतो. ओतण्याआधी स्पॅच्युलाने तळापासून दोन-चारदा वर घ्या.

* * *

मिश्रण दाट असेल तर टिनमध्ये पसरताना मध्ये सेंटिमीटरभर खोलगट ठेवा आणि कडेला वर चढवा. ओघळणाऱ्या मिश्रणात हा खटाटोप वाया जातो, ते आपोआप सपाट होतं.

* * *

एका बाजूला कललेल्या केकबद्दल. दोन वेगळ्या कारणांची इथे गल्लत होते.

रंग सगळीकडे सारखा आणि एक बाजू जाड, तर ओव्हन किंवा जाळी तिरकी आहे. गार ओव्हनमध्ये टिनमध्ये दोन सेंमी पाणी घालून ठेवा आणि पाण्याची उंची चारही बाजूंनी मोजपट्टीने बघा. पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारून भागतं.

एक बाजू जास्त तपकिरी आणि बुटकी, घुमट विरुद्ध बाजूला सरकलेला, तर तिथे उष्णता जास्त आहे. ती कडा लवकर धरली म्हणून वाढली नाही. अशा वेळी दोन तृतीयांश वेळ झाल्यावर टिन अर्धा फिरवा. त्याआधी दार उघडलं तर मध्यभाग खचण्याची भीती. दोन टिन शेजारी असतील तर मध्ये आणि भिंतीपासून किमान ३ सेंमी मोकळे ठेवा, नाहीतर एकमेकांकडची बाजू वेगळी भाजते.

छोट्या ओटीजीत वरचा रॉड टिनच्या फार जवळ येतो. जाळी एक खाच खाली घ्या, निदान पहिला अर्धा वेळ फक्त खालचा रॉड. दिवा विझला म्हणजे ओव्हन स्थिर झाला असं नाही. अजून १५ ते २० मिनिटं द्या आणि आत साधा ओव्हन थर्मामीटर लटकवा. बटणावरच्या आकड्यावर विसंबून राहू नये.

* * *

पंखा चालू असेल तर २० अंश कमी. पातळ मिश्रणावर पंख्याच्या झोताने लाटा उठतात, शक्य असेल तर पंखा बंदच. काळा नॉनस्टिक टिन किंवा काच असेल तर १० ते १५ अंश कमी. फिक्या रंगाचा, सरळ उभ्या बाजूंचा ॲल्युमिनियम टिन सगळ्यात गुणी. सिलिकॉनचा साचा भरल्यावर पोट काढतो, थरांसाठी घेऊच नका.

* * *

फेटलेल्या अंड्यांच्या केकचे नियम उलटे आहेत. तळाला कागद, पण बाजूंना तूप-लोणी काही नको. मिश्रण भिंत धरून चढतं आणि कडा खाली येत नाही. टिन आपटून बुडबुडे काढू नका, फेसच तर फुगवतोय. शिफॉन केक (तेल आणि फेटलेल्या अंड्यांचा हलका केक) टिनसकट उलटा ठेवून गार करा.

* * *

२५ सेंमी आणि त्याहून मोठ्या टिनला नुसतं तापमान उतरवून भागत नाही. क्रीमची फुलं काढायचा धातूचा फ्लॉवर नेल (चपट्या डोक्याचा खिळा) बटर लावून मध्यभागी टोक वर करून ठेवा, त्याच्याभोवती मिश्रण ओता. तो उष्णता मध्याला पोचवतो. भोक क्रीमखाली झाकलं जातं.

* * *

तरीही थोडा फुगवटा आलाच तर, बटरच्या किंवा तेलाच्या केकवर, ओव्हनमधून काढल्या काढल्या स्वच्छ सुती फडकं ठेवून तळहाताने १० ते १५ सेकंद हलकेच दाबा. वाफ लागते, फडकं जाड घ्या. १० मिनिटांनी टिनमधून काढून जाळीवर पालथा गार करा. उरलेलं काम स्वतःच्या वजनाने होतं. अर्धवट भाजलेला केक मात्र दाबू नका, गच्च होतो. आतलं तापमान ९६ ते ९९ अंश असेल तर झाला.

कापायचाच असेल तर पूर्ण गार करून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून निदान तासभर फ्रीजमध्ये. केकच्या व्यासापेक्षा लांब दातेरी सुरी घ्या. गोल फिरवत कडेने सेंटिमीटरभर खाच पाडा, मग त्याच खाचेतून आत जा. एका दमात आरपार कापायला गेलात की पलीकडे सुरी वर निघते. रचताना सगळ्यात वरचा थर पालथा ठेवा: टिनच्या तळाची बाजू वर आली की क्रीम एकसारखं बसतं आणि चुराही कमी सुटतो.

* * *

गोल टिनचा हट्ट नसेल तर ट्रेमध्ये दीड सेंमी जाडीचं मिश्रण पसरून १८० वर १२ ते १५ मिनिटं भाजा आणि रिंगने गोल कापा. एवढ्या पातळ थराला घुमट यायला वेळच मिळत नाही. ट्रेच्या कडेपासून दोन सेंमी सोडून कापा, तो भाग कडक असतो. तुकडे उरतील ते जोडून मधला थर करता येतो, क्रीम लावल्यावर सांधे दिसत नाहीत.