"सगळे प्लगइन चालू करा" हा सल्ला कृपया देऊ नका

टपालहमाल
परवा इथे स्पॅमअसॅसिनबद्दल, म्हणजे मेलला गुण देऊन स्पॅम ओळखणाऱ्या प्रोग्रामबद्दल, एक लेख आला. त्यातला सल्ला असा: त्याच्या सगळ्या .प्री (सेटिंगच्या) फायली उघडा, लोडप्लगइनच्या प्रत्येक ओळीपुढचा # काढून तो प्लगइन (जोड-तपासणी) चालू करा, थ्रेशोल्ड (इतके गुण झाले की मेल स्पॅम) ५ वरून ३ वर आणा, स्पॅम संपला. खाली आभारांची रांग लागली आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

नियमांचे स्कोअर ५.० हा थ्रेशोल्ड धरून ठरवलेले असतात. तो ३ केलात की एरवी निरुपद्रवी ठरणारे दोन-तीन छोटे नियम मिळून चांगल्या मेलचा बळी घेतात. त्यात ज्या ओळींपुढे # असतो, त्या कुणी विसरून ठेवलेल्या नाहीत. डीसीसी हा प्लगइन घ्या. तो मेल वाईट आहे का हे सांगतच नाही, तीच मेल किती ठिकाणी पोचली ते मोजतो. तुम्ही स्वतः मागवलेलं वार्तापत्रही त्यात सापडणारच. एडब्ल्यूएल आणि टीएक्सरेप हे दोन्ही प्लगइन पाठवणाऱ्याची पत सांभाळतात. दोन्ही एकदम चालवू नका, असं टीएक्सरेपच्या माहितीपानावरच लिहिलंय.

आणि टेक्स्टकॅट, मेलची भाषा ओळखणारा प्लगइन! ओके_लँग्वेजेस (चालणाऱ्या भाषांची सेटिंग) बदललं नाही तर सगळ्या भाषा चालतात, म्हणजे त्याचा उपयोग शून्य. बदललं तर जपून. एका ठिकाणी आधीच्या माणसाने तिथे फक्त इंग्रजी लिहून ठेवली होती. प्रत्येक मराठी मेलला २.८ चा दंड. हे उघडकीस यायला आठ महिने लागले.

रात्रपाळी
तो लेख माझा. चारशे टपालपेट्या सांभाळतो, एकट्याने. आधी रोज सकाळी स्पॅमच्या तक्रारींचा ढीग असायचा. प्लगइन चालू केल्यापासून वर्षभरात एकही तक्रार नाही. तुमचं पुस्तकी गणित तुमच्यापाशी ठेवा.

शाईपेन
न आलेल्या पत्राची तक्रार कोण करणार? मी नोकरी शोधत होते तेव्हा मुलाखतीची मेल अशाच कुणाच्या तरी फिल्टरने गिळली. स्पॅमच्या फोल्डरमध्येही नव्हती. स्पॅमअसॅसिन फक्त गुण देतो आणि हेडर (मेलच्या वरची माहितीची ओळ) लावतो. मेल फेकायची की ठेवायची, हे पुढे माणूस ठरवतो. तिथल्या माणसाने ५ च्या वरची मेल थेट नष्ट करायचं ठरवलं होतं. जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. मलाही वर्षभर वाटत होतं की त्यांनी बोलावलंच नाही. तुमच्या चारशेंपैकी किती जणांना असं वाटत असेल?

रात्रपाळी
मी नष्ट करत नाही, फोल्डरमध्ये टाकतो. न वाचता आरोप करू नका.

शाईपेन
ते फोल्डर कोण उघडतं? आकडा सांगा.

जुनापर्ल
दोघेही मुद्द्यावरून घसरताय. प्लगइन 'चालू केला' म्हणजे नक्की काय केलं? पायझरची (माहीत असलेल्या स्पॅमशी मेल ताडून बघणाऱ्या प्लगइनची) लोडप्लगइन ओळ आधीपासून उघडीच असते, पण पायझर हा वेगळा प्रोग्राम मशीनवर नसेल तर तो प्लगइन गुपचूप बसून राहतो. लिंट (सेटिंगची तपासणी) चालवलं तरी तक्रार करणार नाही. -डी लावून डीबगचं आउटपुट वाचाल तेव्हा कळेल. बेजचं, म्हणजे शिकवलेल्या मेल्सवरून स्पॅम ओळखणाऱ्या भागाचंही तसंच. किमान २०० स्पॅम आणि २०० चांगल्या मेल्स शिकवल्याशिवाय तो तोंड उघडत नाही. आणि लोक आठवड्याभरात "बेज कुचकामी" म्हणून मोकळे होतात!

रात्रपाळी, एकच विचारतो. तुमच्या हेडरमध्ये यूआरआयबीएल_ब्लॉक्ड दिसतं का?

रात्रपाळी
दिसतं. स्कोअर ०.००१ आहे, म्हणून दुर्लक्ष केलं.

जुनापर्ल
अहो, तो नियम गुण देण्यासाठी नाहीच! स्पॅममधल्या लिंकची यादी ठेवणाऱ्यांनी तुमचे प्रश्न नाकारलेत, हे तो ओरडून सांगतोय. तुम्ही सार्वजनिक डीएनएस (या याद्यांना ज्यातून प्रश्न जातात तो पत्ते शोधणारा सर्व्हर) वापरताय, तिथून लाखो लोकांचे प्रश्न एकाच पत्त्याने जातात, म्हणून उत्तर बंद. लिंकच्या यादीचा सगळ्यात कामाचा प्लगइन तुमच्याकडे मेलेला आहे, आणि ती उणीव भरून काढायला तुम्ही थ्रेशोल्ड ३ केलात.

सरळमार्ग
अवांतर आहे, पण या याद्यांवर इतका विश्वास का? ओआरडीबी ही मेल-सर्व्हरच्या पत्त्यांची अशीच एक यादी २००६ च्या डिसेंबरमध्ये बंद झाली. कॉन्फिगमधून ती न काढणाऱ्यांना मार्च २००८ मध्ये प्रत्येक पत्त्याला "हो, यादीत आहे" असं उत्तर येऊ लागलं. जानेवारी २०१५ मध्ये एएचबीएल या दुसऱ्या यादीनेही तेच केलं. दुसऱ्याच्या यादीवर आपली टपालपेटी टांगायची कशाला?

जुनापर्ल
मेलेल्या यादीला वर्षभर प्रश्न विचारत राहिले, तो दोष ज्यांनी विचारले त्यांचा.

सरळमार्ग
मग १ जानेवारी २०१० ला काय झालं? तारीख फार पुढची वाटते असा नियम स्पॅमअसॅसिनच्याच संचात होता. २०१० पासूनची सगळी वर्षं त्याला भविष्यातली वाटली आणि जगभरच्या चांगल्या मेल्सना तीनहून जास्त गुण बसले. तोही वापरणाऱ्याचाच दोष? त्या दिवशी सुट्टी सोडून कामावर धावलो होतो मी.

जुनापर्ल
तो नियम चुकीचा होता, हे मान्य करावंच लागेल. पण एसए-अपडेट (नवे नियम आणणारी आज्ञा) रोज चालत होतं त्यांच्याकडे दुरुस्ती लगेच पोचली. आणि थ्रेशोल्ड ५ होता त्यांच्या बऱ्याच मेल्स वाचल्या. ३ असता तर त्या एकाच नियमाने सगळं टपाल अडलं असतं. टपालहमाल म्हणतायत ते हेच.

नवाघोडा
सगळे आरस्पॅमडी या दुसऱ्या स्पॅम-फिल्टरवर या आणि सुटा. लोकल.डी या सेटिंगच्या फोल्डरमध्ये चार ओळी लिहा, कॉन्फिगटेस्ट चालवा, झालं. पर्लचं (स्पॅमअसॅसिन ज्या भाषेत लिहिलाय तिचं) ओझं किती दिवस वाहणार?

जुनापर्ल
आरस्पॅमडीही त्याच याद्यांना त्याच डीएनएसमधून विचारतो. सार्वजनिक रिझॉल्व्हर (म्हणजे तोच डीएनएस सर्व्हर) ठेवलात तर तिथेही नकारच मिळेल. सार्वजनिक रिझॉल्व्हरमधून विचारलं तर स्पॅमहाउस ही यादी १२७.२५५.२५५.२५४ असं त्रुटीचं उत्तर देतं. १२७ ने सुरू होणारं काहीही म्हणजे 'सापडला', असं धरणारी जुनी सेटिंग असेल तर प्रत्येक पाठवणारा गुन्हेगार ठरतो. आधी रिझॉल्व्हर, मग इंजिनची निवड.

नवाघोडा
वेगात तरी तो पुढे आहे की नाही?

जुनापर्ल
आहे. वेगाबद्दल माझा वाद नाही.

टपालहमाल
रिझॉल्व्हरचा मुद्दा मी मूळ लेखनात घालायला हवा होता, राहिला. एक भर घालतो. इंटर्नल_नेटवर्क्समध्ये (आपल्या सर्व्हरच्या यादीत) बाहेरची मेल आधी घेणारा स्वतःचा रिले लिहिलेला नसेल तर एसपीएफचा (पाठवणाऱ्या सर्व्हरला डोमेनची परवानगी आहे का बघणारा) प्लगइन भलत्याच आयपीची तपासणी करतो. आणि कृपा करून वेलकमलिस्ट_फ्रॉममध्ये (सूट द्यायच्या पाठवणाऱ्यांच्या यादीत) स्वतःचं डोमेन टाकू नका. ते फक्त फ्रॉमसारखे पाठवणाऱ्याच्या पत्त्याचे हेडर बघतं, जे कुणीही खोटे लिहू शकतो, आणि बक्षीस उणे १००. वेलकमलिस्ट_ऑथ वापरा. त्याला एसपीएफ किंवा डीकेआयएम (डोमेनची डिजिटल सही) पास झालेलं लागतं.

रात्रपाळी
रिझॉल्व्ह.कॉन्फ (डीएनएस सर्व्हरचे पत्ते असलेली फाईल) पाहिली. दोन्ही ओळी सार्वजनिक डीएनएसच्या आहेत, सर्व्हर मिळाला तेव्हापासून तशाच. आज रात्री अनबाउंड हा स्वतःचा रिझॉल्व्हर बसवून तिथे १२७.०.०.१ (म्हणजे हेच मशीन) करतो. थ्रेशोल्ड ५ करतो, पण महिनाभरच, मग बघू. डीसीसी काढणार नाही. माझ्याकडे तो उपयोगी आहे आणि तसं मी लेखातही लिहिलंय.

शाईपेन, फोल्डरचे लॉग काढले. गेल्या तीस दिवसांत चारशेपैकी अकरा जणांनी ते उघडलंय.

शाईपेन
मग आज रात्री रिझॉल्व्हरच्या आधी ते फोल्डर चाळा. ३ आणि ५ च्या मधल्या मेल्स आधी बघा.