भुलीचा दोष आईवर टाकण्याआधी

आईला लहानपणी भूल दिली असेल तर तिच्या मुलांच्या मेंदूवरही परिणाम होतो, असं कुठंकुठं वाचायला मिळतं. पण ते संशोधन उंदरांवरचं आहे. नवजात पिल्लांना कित्येक तास सेव्होफ्लुरेन हे हुंगवून द्यायचं भुलीचं औषध दिलं. ती मोठी झाल्यावर त्यांना झालेल्या, स्वतः कधी भूल न घेतलेल्या नर पिल्लांच्या वागण्यात फरक दिसला, आणि मेंदूच्या पेशींना लागणाऱ्या केसीसी-२ या जनुकावरच्या मिथाइलच्या खुणा (जनुकाचं काम मंदावणाऱ्या रासायनिक खुणा) वाढलेल्या आढळल्या. मादी पिल्लं बहुतांशी बचावली. माणसांच्या दुसऱ्या पिढीत असं सिद्ध झालेलं नाही. उलट ७ देशांतल्या ७२२ तान्ह्या बाळांच्या अभ्यासात तासाभराच्या आतल्या एका भुलीनं पाचव्या वर्षीही खुद्द त्या बाळांच्याच बुद्ध्यांकात फरक पडलेला दिसला नाही.

माझी धाकटी बहीण खानापूर तालुक्यात असते. ती वर्षाची असताना बेळगावात तिचं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं. तिचा मुलगा बोलेना, तेव्हा असंच काहीतरी वाचून "माझ्या भुलीमुळंच" म्हणत ती रात्र-रात्र रडायची. जुनं कार्ड शोधलं, तर सगळं कन्नडमध्ये. शेजारच्या मास्तरांकडून वाचून घेतलं, त्यात औषधाचं नावच नव्हतं. यात दोन महिने गेले. मग कानाच्या डॉक्टरांकडे नेलं, तर पोराच्या दोन्ही कानांत पडद्यामागं पाणी साठलेलं, त्यामुळं ऐकूच नीट येत नव्हतं.