सातव्या फेरीनंतर पाय जड, शेवटच्या 15 मिनिटांत शिट्टी घाईची

शिट्टी_खिशात: फिफाच्या रेफरी फिटनेस चाचणीची तयारी. 40 मीटरचे सहाही स्प्रिंट 6 सेकंदांत बसतात. पण 75 मीटर धाव–25 मीटर चाल या भागात सातव्या फेरीनंतर पाय उचलत नाहीत. सामन्यातही शेवटच्या 15 मिनिटांत शिट्टी घाईने वाजते. दोन्हींचं मूळ एकच असेल का?

रेषेवरचा: आधी हिशेब. पुरुष आंतरराष्ट्रीय रेफरीला धावायला 15 सेकंद, चालायला 18, असं 40 वेळा. म्हणजे 400 मीटरच्या 10 फेऱ्या, 22 मिनिटं. स्प्रिंट बसतात म्हणजे वेग आहे, दम कमी पडतोय. सुरुवातीच्या फेऱ्यांत बहुतेक जण 75 मीटर 13 सेकंदांत मारतात आणि पुढच्या शिट्टीची वाट बघत उभे राहतात. ते दोन सेकंद सातव्या फेरीत व्याजासकट वसूल होतात. साडेचौदा धरा. सराव 6 फेऱ्यांपासून, आठवड्यातून एकदाच, दर आठवड्याला एक फेरी वाढवत. सामन्याच्या 48 तास आधीपासून जोराचा सराव बंद. आणि उलटं, आडवं धावणं टाळू नका. सामन्यात ते बरंच असतं आणि पोटऱ्या तिथेच धरतात.

अॅडव्हांटेज: मूळ एकच, पण अर्धंच. दमलेला रेफरी चेंडूच्या मागे सरळ रेषेत राहतो. मग दोन खेळाडूंमधली फट दिसत नाही, पाठ दिसते, आणि निर्णय अंदाजाने होतो. दहा पावलं बाजूला सरकलात तरी फरक पडतो. उरलेलं अर्धं डोक्याचं. दर चार धावांनंतर, धाप लागलेली असतानाच, फाउलची छोटी क्लिप बघा आणि पाच सेकंदांत सांगा: फाउल आहे का, कार्ड कोणतं. आरामात खुर्चीत बसून क्लिप बघणं वेगळं, त्याने ही सवय लागत नाही. सामन्यात शिट्टी तोंडात नको, हातात. ती ओठांपर्यंत न्यायला लागणारा क्षणच अॅडव्हांटेज (फाउल झालेल्या संघाच्या फायद्यासाठी खेळ न थांबवणं) ओळखायला पुरतो.
एक चूक झाली की पुढचा निर्णय दुसऱ्या संघाला देऊन फिटंफाट करायचा मोह होतो. तशा चुका दोन होतात. खेळ पुन्हा सुरू झाला की आधीचा निर्णय बदलता येत नाही, तेव्हा तो विषय तिथेच सोडा.

शिट्टी_खिशात: चाचणीत चालण्याच्या 25 मीटरच्या पट्ट्यात उशिरा पोचलं तर लगेच बाद?

रेषेवरचा: नाही. शिट्टीला एक पाऊल चालण्याच्या पट्ट्यात हवं. पहिल्यांदा हुकलं तर ताकीद, दुसऱ्यांदा चाचणी संपली. स्प्रिंटमध्येही एक हुकला तर लगेच सातवा मिळतो. दोन हुकले की नापास.