मदत हवी आहे : व्होल्गाकाठच्या भटक्यांच्या दफनांचा काळ एका नाण्यावरून कितपत ठरवता येतो?

नमस्कार. गोल्डन होर्ड या मंगोल राज्याची व्होल्गाकाठची शहरे आणि भोवतालच्या गवताळ प्रदेशातील भटक्यांची दफने यांच्या कालनिश्चितीवर आमच्या अभ्यासमंडळासाठी मी एक टिपण लिहीत आहे. त्यातील एका मुद्द्यावर जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

शहरांच्या बाबतीत आधार भक्कम दिसतो. अख्तुबा नदीकाठचे सेलित्रेन्नोये हे स्थळ बहुतेक अभ्यासक सराय ही राजधानी मानतात. तेथे नाणी विपुल मिळतात आणि त्यांवर खानाचे नाव, टांकसाळ व पुष्कळदा हिजरी सनही असतो. तोख्ता खानाने हिजरी ७१० मध्ये, म्हणजे इ. स. १३१० च्या सुमारास, चलनाची फेररचना केली. तोख्तामिशने १३८० नंतर लवकरच ती पुन्हा केली. आणि १३९५-९६ मध्ये तैमूरच्या स्वारीत ही शहरे उद्ध्वस्त झाली. त्यामुळे थरांना खालून आणि वरून अशी दोन्हीकडून मर्यादा मिळते. हाच पुरावा अडचणीचे प्रश्नही उभे करतो. विल्यम रुब्रुकच्या प्रवासवर्णनात तेराव्या शतकाच्या मध्यालाच बातू खानाच्या सरायचा उल्लेख येतो, परंतु सेलित्रेन्नोये येथे त्या शतकाचा थर स्पष्टपणे हाती लागत नाही. म्हणून बातूची मूळ सराय अन्यत्र असावी, असे काही अभ्यासक म्हणतात.

माझी खरी अडचण दफनांची आहे. कुर्गान नावाने ओळखल्या जाणाऱ्या मातीच्या टेकड्यांखाली खोगीर, रिकिबी, लगामाची कडी, भात्यावरील कोरीव हाडी पट्ट्या, आरसे आणि स्त्रियांच्या उंच शिरोभूषणाचा भूर्जाच्या सालीचा सांगाडा अशा वस्तू सापडतात. रशियन पुरातत्त्वज्ञ फ्योदोरोव-दाविदोव यांनी १९६६ मध्ये मांडलेल्या वर्गीकरणाच्या आधारे यांचा काळ सांगता येतो, परंतु एकेका प्रकाराचा वापर दीर्घकाळ होत राहिल्याने ती मर्यादा सैल राहते. अशा दफनात उझबेक खानाचा (१३१३-१३४१) एकच दिरहम (चांदीचे नाणे) मिळाला, तर दफनही १३१३ ते १३४१ याच काळातले म्हणावे काय? मला हे पटत नाही, पण त्याऐवजी कोणती मर्यादा लिहावी हे उमगत नाही. हाडांसारख्या सेंद्रिय अवशेषांचे वय सांगणाऱ्या कार्बन-१४ चाचणीने हा प्रश्न सुटतो काय, हेही कृपया सांगावे.

प्रतिसाद :

आपली शंका रास्त आहे. नाणे फक्त एवढेच सांगते की दफन त्याच्या आधीचे नाही. उझबेक आणि त्याच्यानंतरचा जानीबेक यांची चांदीची नाणी पुढेही दीर्घकाळ हातोहाती फिरत राहिली. म्हणून ‘१३१३ नंतर’ असे लिहावे आणि वरची मर्यादा इतर वस्तूंवरून ठरवावी. नाणे किती झिजले आहे, त्याला भोक पाडून ते दागिन्यात ओवले होते काय, हे अवश्य पाहावे; ओवलेले नाणे एका पिढीकडून दुसरीकडे गेलेले असू शकते. अनेक नाणी असतील तर सर्वांत उशिराचे धरावे.

कार्बन-१४ च्या बाबतीत चौदावे शतक विशेष त्रासदायक आहे, कारण मापनाचे प्रत्यक्ष सनात रूपांतर करणारा अंशांकन-वक्र तेथे वर-खाली होतो आणि एकाच मापनातून दोन कालखंड निघतात. उदाहरणार्थ, साधारण ६५० ± ३० (इ. स. १९५० पूर्वीची कार्बन-वर्षे) असे मापन आले, तर ते ढोबळमानाने तेराव्या शतकाच्या अखेरीपासून १३२० च्या दशकापर्यंतचेही असू शकते आणि चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातलेही. येथे नाणे कामास येते: त्याच दफनात जानीबेकचे (१३४२-१३५७) नाणे असेल, तर पहिला कालखंड आपोआप बाद होतो. नमुना मात्र माणसाच्या हाडाचा न घेता घोड्याच्या किंवा मेंढीच्या हाडाचा घ्यावा. नदीतील मासे खाणाऱ्या माणसाच्या हाडांत जुना कार्बन उतरतो आणि वय वाजवीपेक्षा अधिक भरते. गवतावर जगणाऱ्या जनावराला ही बाधा सहसा होत नाही.

भटक्यांच्या वस्तूंना शहरातील थरांचा आधार द्यावा, हेही सुचवतो. आपल्याकडे सांकळिया आणि दीक्षित यांनी १९४५-४६ मध्ये कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी येथे केलेल्या उत्खननात बहमनी थरांतील रंगीत काचेच्या बांगड्या अशाच उपयोगी ठरल्या. नाणी न मिळणाऱ्या स्थळीही अशा बांगड्यांवरून काळाचा अंदाज बांधता येतो. सरायच्या नाणी असलेल्या थरांत आढळणारी निळ्या झिलईची भांडी किंवा मणी एखाद्या कुर्गानमध्ये मिळाले, तर त्यांचे मोल एकुलत्या नाण्यापेक्षा अधिक आहे.

पुन्हा धागाकर्ता :

मनःपूर्वक आभार. वरच्या मर्यादेविषयीचे सर्व उल्लेख मी आता दुरुस्त करतो. एक प्रश्न उरतो. उझबेक खानाच्या काळात इस्लामचा प्रसार झाल्यावर मृतासोबत वस्तू ठेवण्याची प्रथा मागे पडत गेली आणि चेहरा किब्ल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेला, वळवून केलेली, वस्तूविरहित दफने वाढली. नाणे नाही, रिकीब नाही, जनावराचे हाडही नाही, अशा दफनाचा काळ ठरवताना माणसाच्या हाडावरच चाचणी करावी लागते. त्या वेळी माशांच्या आहाराची दुरुस्ती नायट्रोजनच्या समस्थानिकांवरून कशी करतात, हे कोणी सविस्तर सांगू शकेल काय?